मॅग्नेशियम कमी निघालं, म्हणून बीपीची गोळी सोडायची का?

५२ वर्षांच्या एक ताई रिपोर्टची फाइल आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांची नवीकोरी डबी घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) रक्तातलं मॅग्नेशियम १.५ निघालं होतं. ते साधारण १.७ ते २.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावं लागतं. गोळी चालू असूनही बीपी १४८/९२. ‘बीपी या कमतरतेमुळेच वाढतंय ना? मग हे सुरू करते आणि ती गोळी बंद करते,’ असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

संबंध आहे, हे खरं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरण्याला मॅग्नेशियम आवर घालतं, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. पण रोज ३००-४०० मिलिग्रॅम काही महिने घेतल्यावर वरचा आकडा सरासरी २ अंकांनीच उतरतो. कमतरता असलेल्यांमध्ये थोडा जास्त उतरू शकतो, इतकंच. १४८ चे १४६ होण्याच्या भरवशावर गोळी सोडणं म्हणजे मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं विनाकारण धोक्यात घालणं.

खरा प्रश्न होता, मॅग्नेशियम कमी झालंच का? त्यासाठी त्यांची सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन होतं. ते लघवी वाढवतं आणि लघवीवाटे मॅग्नेशियम जातं. दुसरी पॅन्टोप्राझोल. अ‍ॅसिडिटीसाठी कधीतरी लिहून दिलेली ही गोळी त्या दोन वर्षं रोज सकाळी घेत होत्या, कुणाला न विचारता. अशा गोळ्या दीर्घकाळ घेतल्या की आतड्यातून मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. त्यांचं पोटॅशियमही कमी, म्हणजे ३.३ होतं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. मॅग्नेशियम कमी असलं की मूत्रपिंडं पोटॅशियम धरून ठेवत नाहीत. नुसतं पोटॅशियम देऊन ते भरून येत नाही.

मग डबी पाहिली. समोर ठळक अक्षरांत ‘मॅग्नेशियम ऑक्साइड ४०० मिग्रॅ’. यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण २४०. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचे इतर प्रकार म्हणजे सायट्रेट आणि ग्लायसिनेट. सायट्रेटमध्ये ते वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास, ग्लायसिनेटमध्ये १४. म्हणून मागच्या बाजूला ‘एलिमेंटल’ (म्हणजे प्रत्यक्ष मॅग्नेशियम) हा शब्द शोधून त्यापुढचा आकडा धरायचा. ऑक्साइड कमी शोषलं जातं आणि पोट बिघडवतं. जुलाब लागले तर उरलंसुरलं मॅग्नेशियमही जातं. गोळ्यांमधून रोज ३५० च्या वर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जाऊ नये. मूत्रपिंडं किती नीट काम करतात हे सांगणारे क्रिएटिनिन आणि ईजीएफआर हे आकडे आधी बघायलाच हवेत. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मॅग्नेशियम अंगात साठून हृदयाचे ठोके मंदावू शकतात, तिथे स्वतःच्या मनाने एकही गोळी नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं.

बीपी मोजण्यातही गडबड होती. जिना चढून आल्या आल्या, हात खाली सोडून, बोलत बोलत. नुसता हात लोंबकळत ठेवल्यानेच वरचा आकडा साधारण सहा-सात अंकांनी जास्त दिसतो. त्यांना पद्धत लिहून दिली: लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं. सकाळ-संध्याकाळ सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरची सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. त्यांची १३९/८७ आली, म्हणजे उपचार हवाच होता.

आहारात ३० ग्रॅम भोपळ्याच्या बिया (सुमारे १५० मिलिग्रॅम), ३० ग्रॅम बदाम (सुमारे ८०) आणि अर्धी वाटी शिजवलेला पालक असं सुचवलं. स्त्रियांची रोजची गरज ३२० च्या आसपास असते, त्यातलं बरंचसं यातूनच निघतं. मिठाचं प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. बीपी उतरवायला हे मॅग्नेशियमपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

औषधांची यादी आणि बीपीची वही घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल हळूहळू बंद केलं, क्लोरथॅलिडोनचा डोस कमी करून दुसऱ्या गटातली गोळी जोडली आणि मॅग्नेशियम ठरावीक मुदतीसाठी लिहून दिलं. पुढच्या तपासणीत मॅग्नेशियम १.९ आणि पोटॅशियम ४ आलं, पोटऱ्यांतले गोळे थांबले. मॅग्नेशियमची गोळी आता बंद आहे, बीपीची चालू आहे.