पान, हाड, मासेमारीचं जाळं... सगळीकडे जाळीच का दिसते? निसर्गाचा एकच नकाशा आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पिंपळाचं पान, हाडाचा आतला भाग, मासेमारीचं जाळं, मच्छरदाणी या सगळ्यांत जाळीच दिसते, मग यामागे एकच नकाशा आहे का? आणि कोकणात फिरायला आलात तेव्हा एकानं ‘इंद्रजाल’ दाखवून ‘हाच तो निसर्गाचा नकाशा, घरात लावा’ असं सांगितलं, ते घ्यावं का?

पहिल्याचं उत्तर: नाही. जाळ्या दिसायला सारख्या असतात, पण त्या होतात वेगवेगळ्या रीतीनं आणि कामंही वेगळी करतात. व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरत असतं, डावीकडे मेंदूतली पेशी, उजवीकडे आकाशगंगांचं जाळं, खाली हात जोडलेले. ते बघून मान डोलावता येते, कळत काही नाही. मी सिंधुदुर्गात शाळेत विज्ञान शिकवते, आणि सासर मच्छीमारांचं, त्यामुळे जाळी दोन्हीकडून समोर येते. कुठलीही जाळी बघितली की मी मुलांना दोनच गोष्टी विचारायला लावते: यातला एक धागा तोडला तर काय होईल? आणि भोकातून कोण जातं, कोण अडतं?

पहिला प्रश्न पानाला विचारू. आमच्या परसात केळ आणि फणस शेजारी शेजारी आहेत. आषाढातल्या वाऱ्यात केळीच्या पानाच्या चिंध्या होतात, फणसाचं पान शाबूत. फणसाचं पान लहान आणि चिवट आहे हे खरंच, पण शिरांकडेही बघा. केळीच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत एकमेकींना समांतर जातात आणि त्यांना आडवं जोडणारं जे आहे ते अगदी नाजूक. त्यामुळे कडेला चीर पडली की ती दोन शिरांमधून सरळ दांड्यापर्यंत येते. फणसाच्या शिरा एकमेकींना मिळून बंद चौकटी करतात, तिथे चीर चार पावलं गेली की कुठल्या तरी शिरेवर आपटते. (केळीचं यात फारसं बिघडत नाही. प्रत्येक चिंधीला पाणी मिळत राहतं आणि वारा मधून निघून जातो.) पुस्तकात ‘एकदल म्हणजे समांतर, द्विदल म्हणजे जाळीदार’ असं लिहिलेलं असतं, ते ढोबळ आहे. कणगी (खायच्या कंदाचा वेल) आणि अळू दोन्ही एकदल, आणि दोन्हींच्या पानांत जाळी आहे.

चीर अडवणं हे जाळीचं एक काम. पाणी पोचवणं हे दुसरं, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. नुसतं पाणी पोचवायचं असेल तर फांद्या फुटत जाणारी रचना सगळ्यांत स्वस्त पडते, जाळीत धागे जास्त लागतात. मग झाडं हा जादा खर्च का करतात? २०१० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या एलेनी काटिफोरी, मार्सेलो मॅग्नास्को आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं, आणि सोबत लिंबाच्या पानावर करून दाखवलं. पानाच्या मुख्य शिरेवरच भोक पाडलं आणि चमकणारं रंगीत पाणी सोडलं. पाणी भोकापाशी थांबलं नाही, बाजूच्या लहान शिरांच्या फेऱ्यांतून वळसा घालून पुढे गेलं. गिंको नावाच्या फार जुन्या वंशातल्या झाडाच्या पानात शिरा फक्त फुटत जातात, पुन्हा मिळत नाहीत. तिथे भोकाच्या पलीकडचा पट्टा कोरडाच राहिला. अळी पान कुरतडणार हे ठरलेलं असेल, किंवा पाण्याची गरज पानाच्या एका भागात आत्ता आणि दुसऱ्या भागात नंतर अशी बदलत असेल, तर फेरे असलेली जाळी परवडते.

शरीरात हाच हिशोब कुठे केला आहे आणि कुठे केलेला नाही, ते बघण्यासारखं आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं १६६४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला विलिसचं कडं म्हणतात. एका बाजूची धमनी हळूहळू अरुंद झाली तर दुसऱ्या बाजूचं रक्त या कड्यातून फिरून येऊ शकतं. सगळ्यांचं कडं पूर्ण नसतं, हाही एक भाग. उलट डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी एकटी आहे, तिला पर्यायी वाट जवळजवळ नाही. ती अचानक बंद पडली तर त्या डोळ्याची दृष्टी जाते. म्हणजे शरीरही सगळीकडे जाळी टाकत बसलेलं नाही.

हाडातली जाळी तर पाणी, रक्त यांच्या हिशोबाची नाहीच, ती भाराची आहे. मटणाची नळी टोकाशी फुटलेली मिळाली तर नीट बघा, मधे पोकळी आणि टोकाला बारीक भोकांचं हाड. माणसाच्या खुब्यात या बारीक आडव्याउभ्या काड्या साधारण भार जाईल त्या दिशेनं लागलेल्या असतात, आणि भार बदलला की हाड त्यांची मांडणी बदलतं. जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फनं १८९२ मध्ये हे सूत्ररूपानं मांडलं. हाड खाणाऱ्या पेशी आणि हाड भरणाऱ्या पेशी अशा दोन टोळ्या आयुष्यभर हे काम करतात. म्हातारपणी, बायकांत विशेषतः पाळी गेल्यावर, खाणं भरण्याच्या पुढे जातं आणि आडव्या काड्या तुटत जातात. उभ्या काडीला मधे आधार उरला नाही की ती वाकते. म्हणून खळ्यात नुसता पाय सरकून पडलेल्या आजीचा खुबा मोडतो.

आता जाळी होते कशी, तिथेही एक रीत नाही. माडाच्या झावळीच्या बुडाशी तपकिरी कापड असतं, ते विणल्यासारखं दिसतं. सोलून बघा: एका थरातले तंतू एका तिरक्या दिशेला, खालच्या थरातले दुसऱ्या. थर एकावर एक चिकटलेले आहेत, धागे वरखाली ओवलेले नाहीत. घावनाची जाळी याच्या पार उलटी. तिथे धागा कुणी टाकलेलाच नाही. बिडाचा तवा कडकडीत तापलेला असतो, पातळ पीठ ओतलं की खालून वाफ फुटून वर येते, तेवढ्यात भोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं आणि भोक तसंच राहतं. तवा कोमट असेल तर भोक मिटतं, मग सासूबाई तोंडानं काही बोलत नाहीत, पण दुसरं घावन घेत नाहीत.

मासेमारीच्या जाळ्याला पहिला प्रश्न विचारायचा तर दुरुस्ती बघावी. सासरे फाटलेलं जाळं मांडीवर घेतात आणि आधी कात्रीनं भोक आणखी मोठं करतात. कुरतडलेली, अर्धी तुटलेली टोकं छाटून कडेला धड गाठी उरल्या की मगच सुई हातात. तशीच टोकं ठेवून ओढून बांधलं तर एक आस (जाळ्याचं एक भोक) मोठा आणि एक लहान होतो, ओढ एकाच जागी येते आणि पुढच्या खेपेला जाळं तिथेच फाटतं.

दुसरा प्रश्न, कोण जातं आणि कोण अडतं, तो इथे पैशाचा आणि भांडणाचा आहे. ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढायचं जाळं, त्याच्या शेवटच्या पिशवीला बहुतेक ठिकाणी शंकरपाळीच्या आकाराचा आस असतो. जाळं ओढायला लागलं की तो लांबट होऊन मिटतो, म्हणजे मोजताना ४० मिलिमीटर असला तरी पाण्यात तेवढा उघडा राहत नाही आणि बोटाएवढी पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आसात अर्धे धागे ओढीच्याच दिशेनं असतात, ते ताण घेतात आणि भोक उघडं राहतं. मत्स्यशास्त्रज्ञ ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा आग्रह धरतात तो यासाठी. ‘मग धंदा काय करायचा’ असं बंदरावर ऐकू येतं, आणि डिझेलचा भाव बघता ते नुसतंच आडमुठेपण आहे असं मी म्हणणार नाही. पण यंदा पिल्लं विकली तर पुढच्या वर्षी मासा कुठून येणार, हेही तेच लोक बोलतात.

गंमत म्हणजे बांगडा स्वतः गाळून खाणारा मासा आहे. साफ करताना त्याचं तोंड उघडून आत बघा, कल्ल्यांच्या कमानींना आतल्या बाजूनं लांब, दाट दाते दिसतील. पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं, पाण्यातले बारीक जीव दात्यांवर अडतात.

मूत्रपिंडाची गाळणी मात्र नुसत्या भोकाच्या मापावर चालत नाही. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी तिच्यातून गाळलं जातं, त्यातलं बहुतेक परत घेतलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मागे राहतं, कारण गाळणीला तीन थर आहेत आणि त्यांवरचा ऋण विद्युतभार ऋणभारित अल्ब्युमिनला मागे ढकलायला मदत करतो. मधुमेहात ही गाळणी बिघडली की लघवीत प्रथिन उतरतं. हर्नियाच्या ऑपरेशनात बसवतात त्या प्लास्टिकच्या जाळीचं आणखी तिसरंच. बारीक भोक सुरक्षित असेल असं वाटतं, पण अगदी बारीक भोकात जिवाणू शिरतात आणि त्यांना खाणाऱ्या, आकारानं मोठ्या पेशी शिरू शकत नाहीत. म्हणून भोक निदान ७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं लागतं.

राहिलं इंद्रजाल. विकणारे त्याला दुर्मीळ मुळी म्हणतात. ती मुळी नाही, वनस्पतीही नाही. तो समुद्रपंख्याचा किंवा काळ्या प्रवाळाचा सांगाडा असतो, म्हणजे हजारो बारीक प्राण्यांच्या वसाहतीचा. समुद्रपंखा खडकाला धरून प्रवाहाला आडवा वाढतो, अंगावरचे छोटे प्राणी वाहत आलेलं खाणं पकडतात आणि पाणी भोकांतून निघून गेल्यामुळे पंखा मोडत नाही. जागेवर होता तोवर त्याची जाळी कामाची होती, भिंतीवर तिला काही काम नाही.

आणि समुद्रपंखा, काळं प्रवाळ दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. विकणं गुन्हा, घरात ठेवणंही गुन्हा, आणि शिक्षा तुरुंगाची आहे. तेव्हा घेऊ नका. घेऊन झालं असेल तर ऑनलाइन विकायला काढू नका, कुणाला भेटही देऊ नका. माहितीतल्या वकिलाशी बोला आणि वनविभागाच्या कार्यालयात जमा करा.