‘आय ॲम स्टिल हिअर’ हा ब्राझिलियन चित्रपट घरच्यांसोबत बघता येईल का? मारहाण खूप आहे का?

बिनधास्त बघा. मारहाण जवळजवळ दाखवलेलीच नाही. कोठडीतल्या किंकाळ्या मात्र ऐकू येतात. जानेवारी १९७१. लष्करी राजवटीची साध्या वेशातली माणसं माजी खासदार रुबेन्स पायवांना रिओतल्या घरातून ‘जबाबासाठी’ नेतात, ते परत येतच नाहीत. पुढची गोष्ट बायको युनिसी आणि पाच मुलांची. बँकेतून पैसे काढायचे तर नवऱ्याची सही हवी, आणि तो गेलाय हे सरकार कबूलच करत नाही! मृत्यूचा दाखला मिळतो थेट १९९६ मध्ये. फोटोग्राफरला गंभीर चेहरे हवे असतात, तेव्हा ती मुलांना हसायला लावते, तो प्रसंग चुकवू नका. शेवट थोडा रेंगाळतो. पण युनिसी साकारणाऱ्या फर्नांडा तोरेससाठी बघाच. म्हातारी युनिसी तिच्या खऱ्या आईनंच साकारलीय.