ट्रेनरवर रेझिस्टन्स वाढवला की वेग कमी दिसतो, मग खरा वेग कोणता?

तुमचा प्रश्न असा आहे: ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक टेकवून घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, रेझिस्टन्स (चाकाला होणारा विरोध) २ वर ठेवला की ताशी ३४ किमी दिसतात, ५ वर नेला की २५, आणि खडकवासल्याच्या रस्त्यावर २८ च्या पुढे जाववत नाही. यातला खरा कोणता?

ट्रेनरवरचे दोन्ही आकडे चाकाच्या फिरण्याचा वेग म्हणून बरोबर आहेत. रस्त्यावरच्या वेगाशी मात्र त्यांचा काही संबंध नाही. सेन्सर फक्त मागच्या चाकाचे फेरे मोजतो आणि त्यांना परिघाने गुणतो. रेझिस्टन्स या हिशेबात कुठेच नाही. पुढच्या चकतीला ५० दात, मागच्या चकतीला १७, केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० आणि ७०० बाय २५ मापाचा टायर असेल तर वेग सुमारे ३३ येणारच, मग रेझिस्टन्स कितीही ठेवा. तो वाढवल्यावर तुम्ही गिअर हलका करता किंवा पाय मंदावतात, म्हणून आकडा उतरतो.

रस्त्यावर खरी झुंज हवेशी असते. वारा नसेल तर २८ वरून ३४ वर जायला निव्वळ हवेसाठीच जवळपास १.८ पट ताकद लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चुंबकाच्या साध्या ट्रेनरवर वाढ इतकी तीव्र नसते, म्हणून हलक्या रेझिस्टन्सवर ३४ सहज निघतात. सिंहगडाच्या चढाला तुमचं वजन जे छळतं, त्याचा तर इथे प्रश्नच येत नाही.

स्मार्ट ट्रेनरचं गणित वेगळं. तो ॲपला जोडलेला असतो, आणि झ्विफ्टसारखं ॲप तुमचे वॅट (पेडलवर लावलेली ताकद), वजन आणि चढ धरून वेग काढतं, चाकाचे फेरे बघत नाही.

पावसाळ्यात माझं बरंचसं सायकलिंग घरातच होतं आणि तेव्हा मी वेगाचा रकाना स्क्रीनवर ठेवतच नाही. पॉवर मीटर असेल तर वॅट बघा, नसेल तर हृदयाचे ठोके. दोन दिवसांच्या वेगाची तुलना करायचीच असेल तर रेझिस्टन्स तोच हवा, टायरमध्ये हवा तेवढीच हवी आणि रोलरही, म्हणजे टायर ज्यावर फिरतो तो ट्रेनरचा दंडगोल, तितकाच घट्ट दाबलेला हवा. टायरमध्ये हवा कमी असेल तर तोच वेग राखायला जास्त जोर लागतो. रोलर सैल असेल तर जोर लावताच टायर घसरतो आणि वेग खोटाच वर उडी मारतो. सुरुवातीची दहाएक मिनिटं तुलनेत धरू नका, कारण टायर आणि ट्रेनर तापेपर्यंत रेझिस्टन्स बदलत राहतो.