गिअरच्या कारखान्यातून स्कॉटलंडला यायचं असेल तर

तू विचारलंयस की मेकॅनिकलची पदवी झाली, कोल्हापुरात गिअरबॉक्सच्या कारखान्यात चार वर्षं काढली, आता भरती-ओहोटीच्या टर्बाइनसाठी चुंबकी गिअरवर काम करायचंय, एडिनबराला एम.एस्सी. करू की पीएचडी, आणि नवरा-मुलगी सोबत येतील का? मी इथे सात वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरचं बघू. 2024पासून शिकवणीच्या एम.एस्सी.ला कुटुंब आणता येत नाही, पीएचडीला येतं. मुलगी लहान आहे, तेव्हा माझ्या मते तुझा निर्णय इथेच होतो. मात्र हिशेब आधी मांड. पीएचडीची सरकारी निधीतली शिष्यवृत्ती 2025-26 साठी वर्षाला किमान 20,780 पौंड आहे, त्यात तिघांचं एडिनबरात ओढाताणीनेच भागतं. शिवाय इथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला 776 पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम, व्हिसाच्या अर्जाबरोबरच. तिघांचे चार वर्षांचे नऊ हजारांवर जातात. हे पैसे निघण्याआधीच हाताशी हवेत. नवऱ्याला इथे नोकरी करता येते, तेवढा आधार आहे.

आता कामाचं. तुला वाटतंय, चुंबकशास्त्र कच्चं म्हणून तू मागे पडशील. मला नेमकं उलट वाटतं.

प्रवाहात टर्बाइन मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा फेरे घेतं, जनरेटरला मात्र वेग हवा. दातांचा गिअरबॉक्स लावला की तेल आलं, झीज आली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांजवळच्या समुद्रात दुरुस्तीला जायचं तर बोट, शांत हवामान आणि प्रवाह थांबतो ती थोडीशी वेळ, तिन्ही जुळावं लागतं. चुंबकी गिअरमध्ये दातच नसतात; एकात एक बसवलेली चुंबकांची कडी न टेकता एकमेकांना फिरवतात. 2001 साली शेफील्डच्या अतल्लाह आणि हाउ यांनी मांडलेली रचना आजही पाया आहे: आतल्या कड्यावर चुंबकांच्या 4 ध्रुवजोड्या (उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या), बाहेरच्यावर 22, आणि मधल्या स्थिर कड्यात 26 पोलादी तुकडे. बाहेरचं एकदा फिरलं की आतलं उलट दिशेला साडेपाच वेळा फिरतं. भार फार झाला तर दात तुटत नाही, गिअर घसरतो आणि भार उतरला की पुन्हा पकडता येतो. पहिल्यांदा तो घसरताना टेबलावर हात ठेवून उभी होते. धड धड असा आवाज, सगळं टेबल हादरतंय, आणि थांबवून उघडलं तर आत एक ओरखडासुद्धा नाही.

अडचण त्या मधल्या कड्यात आहे. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टॉर्कची (फिरवणाऱ्या जोराची) बेरीज ते सोसतं. तुकडे पातळ पत्र्यांचे थर रचून करावे लागतात, नाहीतर बदलत्या चुंबकक्षेत्राने धातूत उठणाऱ्या भोवरी विद्युतप्रवाहांनी तापतात. धरायला धातूचे बोल्ट घातले की त्यांच्यातही प्रवाह फिरतो. वीज न वाहणारं काचतंतू-इपॉक्सी वापरलं तर कडं लवतं, आणि फिरत्या भागांपासून हवेची फट असते एखाद-दोन मिलीमीटरची. माझ्या पहिल्या नमुन्याचा टॉर्क द्विमितीय गणितापेक्षा जवळजवळ पाव कमी भरला, कारण दोन्ही टोकांना चुंबकक्षेत्र बाहेर सांडतं आणि ते त्या गणितात दिसतच नाही. चुंबकक्षेत्राचं सॉफ्टवेअर तू सहा महिन्यांत शिकशील. फट कशी राखायची, बेअरिंग कुठे बसवायचं, जोडणीत काय हलतं, हे कारखान्यात हात काळे केलेल्यालाच सुचतं.

अर्जात म्हणून तेच लिही. तू हाताळलेल्या एखाद्या मोडलेल्या गिअरची गोष्ट लिही, दात कुठून गेला, तुला कसं कळलं, हे सगळं. आणि मार्गदर्शकाला सरळ विचार: नमुना बनवायला पैसे आहेत का, चाचणीचं टेबल आहे का, की सगळं संगणकावरच? एडिनबरा विद्यापीठात 25 मीटर व्यासाचा गोल हौद आहे, त्यात लाटा आणि प्रवाह हव्या त्या दिशेने सोडता येतात. तो वापरायला मिळेल का, तेही विचारून घे. गोलगोल उत्तर आलं तर दुसरी जागा शोध.

आणखी एक. या गिअरमधले निओडिमियमचे चुंबक खाऱ्या पाण्यात फार लवकर गंजतात, त्यामुळे लेप आणि सीलवर तुझ्या कारखान्यात काही काम चालू असेल, तर नोकरी सोडायच्या आधी ते नीट बघून घे.