मिलोची भाकरी आणि मॉस्कोशी करार

प्रश्न : 1971 मध्ये सोव्हिएत संघाशी करार केला तिथेच भारताची अलिप्तता संपली, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का?
– बारावीतली विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : मला तसं वाटत नाही. अलिप्तता म्हणजे अमेरिका किंवा सोव्हिएत संघ, कुणाच्याच गटात न जाणं. पण आधी पाच वर्षं मागे चल. तो काळ मी खाल्लेला आहे.

1966 साली मी सातवीत होते. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिलेला. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे ज्वारीसारखं धान्य, मिळायचा. आई उन्हवणी घालून पीठ मळायची, तरी भाकरी थापताना चिरायची. त्या वर्षी देशात सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेच्या पीएल-480 या धान्यमदतीच्या कायद्याखाली. अध्यक्ष जॉन्सन ते वर्षाचं एकदम मंजूर करत नसत, थोडं थोडं सोडत. अशा वेळी, जुलैत, इंदिरा गांधींनी मॉस्कोच्या संयुक्त निवेदनात व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा म्हणून सांगितलं. जॉन्सन चिडले. बोटींची वाट पाहणारं सरकार हे बोललं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण बोलून पोट भरत नाही. त्याच वर्षी कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचं बियाणं आणवलं. 1964-65 मध्ये 123 लाख टनांच्या आसपास असलेलं गव्हाचं पीक 1970-71 ला 238 लाख टनांवर गेलं. डिसेंबर 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, भारतावर दबाव आणायला अमेरिकेची 'एंटरप्राइझ' युद्धनौका बंगालच्या उपसागरात आली, तेव्हा निदान धान्याची दोरी तरी त्यांच्या हातात उरली नव्हती.

आता करार. तो 9 ऑगस्ट 1971 चा. नववं कलम नीट वाच : हल्ला झाला किंवा तसा धोका दिसला, तर दोघांनी लगेच सल्लामसलत करायची. सैन्य पाठवायची सक्ती त्यात नाही. चौथ्या कलमात तर भारताच्या अलिप्त धोरणाचा आदर करतो, असं सोव्हिएत संघानंच लिहून दिलंय. पुढे सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांच्या आशियाई सामूहिक सुरक्षेच्या योजनेतही आपण गेलो नाही.

तरी सरांचं सगळंच चूक नाही. जानेवारी 1980 मध्ये अफगाणिस्तानात घुसलेलं परकं, म्हणजे सोव्हिएत, सैन्य मागे घ्या, असा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला, आणि आपण तटस्थ राहिलो. ते मला अजून सलतं. आपली रणगाडे-विमानं सोव्हिएत संघातूनच येत होती. गव्हाचं जे केलं, ते शस्त्रांचं आपण केलेलं नव्हतं.