रेल्वेचा वाटा घसरला, पण रेल्वे हरली का?

आपण दिलेल्या आलेखात देशांतर्गत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा गेल्या सत्तर वर्षांत सतत घसरताना दिसतो, आणि त्यावरून रेल्वे अकार्यक्षम ठरली म्हणून ट्रकने तिला मागे टाकले, असा निष्कर्ष काढता येईल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या त्या काळात देशात कोणता माल निघत होता आणि तो किती लांब जात होता, हेच अशा आलेखात मुख्यतः उमटलेले असते.

आधी एकक पाहावे. टन-किलोमीटर म्हणजे मालाचे वजन गुणिले त्याने कापलेले अंतर. १,००० टन खडी २० किलोमीटर नेली तर २०,००० टन-किलोमीटर होतात. तेवढाच कोळसा १,००० किलोमीटर नेला तर दहा लाख. केवळ टनांत मोजले की ट्रक अवाढव्य दिसतो, कारण वाळू, खडी आणि सिमेंट जवळच्या जवळ तोच वाहतो. टन-किलोमीटरमध्ये मोजले की रेल्वे आणि जहाजे वर येतात. टक्केवारीचेही तसेच आहे. भारतात १९५०-५१ मध्ये रेल्वेने सुमारे ७ कोटी ३० लाख टन माल वाहिला आणि २०२२-२३ मध्ये १५० कोटी टनांहून अधिक. तरीही एकूण वाहतुकीतील तिचा वाटा बहुतांश हिश्श्यावरून एक-तृतीयांशाच्याही खाली आला. वीसपट वाढलेल्या वाहतुकीला ‘घसरण’ म्हणताना थोडे थांबायला हवे.

ब्रिटनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. १९५३ मध्ये तिथे रेल्वेची वाहतूक सुमारे ३७ अब्ज टन-किलोमीटर होती आणि रस्त्यावरची सुमारे ३२ अब्ज. १९९० पर्यंत रेल्वे १६ अब्जांच्या आसपास आली, तर रस्ता १३० अब्जांच्या पुढे गेला. १९५५ चा सतरा दिवसांचा रेल्वे संप आणि १९५८ पासून खुले होत गेलेले मोटरवे (द्रुतगती महामार्ग) ही कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण मूळ बदल वेगळाच होता. रेल्वेच्या वाघिणींत (मालडब्यांत) मुख्यतः कोळसा असे. घरांत आणि कारखान्यांत कोळशाऐवजी वायू, तेल आणि वीज आली, तेव्हा रेल्वेचा माल ट्रकने पळवला असे झाले नाही. तो मालच नाहीसा झाला. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे तिथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, म्हणजे ही प्रक्रिया पुरी व्हायला सात दशके लागली. रस्त्यावर मात्र टनांपेक्षा अंतर झपाट्याने वाढले. ठिकठिकाणची लहान कोठारे बंद होऊन माल मोजक्या मोठ्या वितरण केंद्रांतून निघू लागला, आणि ट्रकचा सरासरी पल्ला या काळात दुपटीहून अधिक झाला. त्याच देशात सत्तर-ऐंशीच्या दशकांत जलवाहतूक एकदम उसळलेली दिसते. तिचे कारण नवे बंदर धोरण नसून उत्तर समुद्रातून जहाजांनी येणारे तेल आहे.

अमेरिकेत उलटे घडले. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहिले, तरी तिथली रेल्वे संपली नाही. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने भाडे ठरवण्याची आणि तोट्यातील मार्ग सोडून देण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. शिवाय वायोमिंग राज्यातला कोळसा हजारो किलोमीटर दूरच्या वीजकेंद्रांकडे जात होता आणि रूळ प्रवासी गाड्यांनी फारसे अडलेले नव्हते. भारतात नेमकी ही शेवटची अडचण मोठी आहे: एकाच रुळावर प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची आणि मालगाडीने बाजूला थांबायचे, त्यामुळे मालाच्या पोहोचण्याची वेळ सांगता येत नाही. स्वतंत्र मालवाहतूक मार्गिका बांधण्यामागचे कारणही तेच आहे.

जपानमध्ये तर प्रवासी रेल्वे जगात नावाजलेली असूनही टन-किलोमीटरमधील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा जेमतेम पाच टक्के आहे. किनाऱ्यालगतच्या कारखान्यांमुळे सुमारे चाळीस टक्के काम किनारी जहाजे करतात.

ट्रकची खरी ताकद दारापासून दारापर्यंत जाण्यात आहे. रेल्वेला दोन्ही टोकांना चढउतार करावी लागते, आणि अंतर कमी असेल तर या चढउताराचा खर्च व वेळ रुळावरची सगळी बचत खाऊन टाकतो. अर्थव्यवस्था कोळसा-पोलादाकडून तयार, हलक्या, महागड्या मालाकडे सरकली की लहान खेपांची आणि वेळेच्या हमीची मागणी वाढते, आणि मग ट्रकला फार काही न करताही वाटा मिळतो. विमानाचा हिस्सा वजनात नगण्य असल्याने तो आलेखात दिसणारच नाही.

आपल्या आलेखाबद्दल एक व्यावहारिक सूचना. तो पुन्हा काढताना कोळसा आणि खनिज तेल वेगळे करा, पाइपलाइन धरली आहे की नाही ते पाहा, आणि रस्त्याच्या आकड्यांत ३.५ टनांखालील गाड्या आहेत का तेही तपासा. युरोपीय सर्वेक्षणांत त्या सहसा नसतात, त्यामुळे घरपोच पार्सलांची बरीचशी वाहतूक तिथे मोजलीच जात नाही. त्यानंतर उरलेल्या मालात रेल्वेची रेषा कशी दिसते ते इथे टाकलेत, तर स्पर्धेबद्दल बोलता येईल.