सिरॅमिक ब्रॅकेट : पकड किती असावी?

दातांना तारा लावताना सिरॅमिक ब्रॅकेट (दातावर चिकटवून तार धरून ठेवणारे, चिनी मातीसारख्या पदार्थाचे छोटे तुकडे) निवडणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न येत असल्याने येथे एकत्रित उत्तरे देत आहे.

प्रश्न : हळदीने हे ब्रॅकेट पिवळे पडतात का? (लातूर)
उत्तर : सहसा नाही, पिवळे पडते ते तार धरून ठेवणारे रबर, आणि ते तपासणीच्या वेळी बदलता येते.

प्रश्न : ‘नीलम’ ब्रॅकेट खऱ्या नीलमाचे असतात का? (जालना)
उत्तर : ते कारखान्यात वाढविलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या एकाच स्फटिकाचे असतात. शनीशी त्यांचा संबंध नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यामुळे मुलीच्या दातांवर डाग आहेत. ‘प्रयोगशाळेत सिद्ध, सर्वाधिक पकड’ अशी जाहिरात असलेले ब्रॅकेट घ्यावेत का? (किनवट)
उत्तर : जाहिरातीवरून मुळीच घेऊ नयेत. पकडीच्या प्रयोगशाळेतील चाचणीत काढलेल्या दातावर ब्रॅकेट चिकटवतात, तो सुटेपर्यंत यंत्राने कडेने ढकलतात आणि लागलेला जोर मोजतात. संशोधक रेनॉल्ड्स यांनी १९७५ मध्ये सुचविलेली सुमारे ६ ते ८ मेगापास्कल (दर क्षेत्रफळामागे लागणारा जोर मोजण्याचे एकक) ही पकड आजही पुरेशी मानली जाते. त्याहून मोठा आकडा मिरविणारे विक्रेते हे सांगत नाहीत की उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढायचाही असतो. धातूचा ब्रॅकेट चिमट्याने दाबला की वाकून सुटतो. सिरॅमिक वाकत नाही, तो फुटतो किंवा सारा जोर दाताच्या आवरणावर, म्हणजे एनॅमलवर टाकतो. १९८०च्या दशकातील, डिंकाशी रासायनिक बंधाने घट्ट जोडल्या जाणाऱ्या ब्रॅकेटांनी काढताना एनॅमलला तडे गेले, त्याचे टवके निघाले, म्हणूनच पुढे ज्यांच्या खाचांत डिंक अडकून पकड येते, असे यांत्रिक पकडीचे तळ आले. शिवाय चाचण्यांसाठी बहुधा निरोगी दात, कित्येकदा तर गाईबैलांचे दात वापरतात. तुमच्या भागातील काही गावांत पाण्यातील फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपुढे गेलेले आहे, आणि फ्लोरोसिस (जादा फ्लोराइडने होणारा दातांचा विकार) झालेले एनॅमल ब्रॅकेट चिकटवण्यापूर्वी लावायच्या आम्लाला निराळा प्रतिसाद देते व तीव्र अवस्थेत ठिसूळही असते. तेव्हा निरोगी दातावरचा आकडा मुलीच्या दाताला जसाच्या तसा लावणे चूक आहे. डागांची तीव्रता ऑर्थोडॉन्टिस्टकडून (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडून) आधी तपासून घ्या आणि ब्रॅकेट कसे काढणार, हे बसविण्यापूर्वीच विचारा.

प्रश्न : खालच्या दातांनाही सिरॅमिक बसवावेत का? (बीड)
उत्तर : वरचे दात खालच्यांना खोलवर झाकत असतील तर नकोत, कारण हे ब्रॅकेट एनॅमलपेक्षा कठीण असल्याने वरचे दात झिजवतात. निर्णय दातांची ठेवण पाहूनच व्हावा.

प्रश्न : फुटाणे खाताना ब्रॅकेटचा कोपरा तुटला. दुखत नाही, पुढची तारीख महिन्याने आहे. थांबू का? (परभणी)
उत्तर : थांबू नका. तार निसटली तर दात भलतीकडे सरकू शकतो. दवाखान्यात आजच कळवा, घरच्या डिंकाने काही चिकटवू नका आणि तुकडा सापडला असेल तर सोबत न्या; ब्रॅकेटच तुटला की त्यासोबत एनॅमलही निघाले, हे तो पाहून डॉक्टरांना ठरविता येईल.